प्रार्थना झाली, पुढे काय?

१९३८ च्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापूरला ख्रिस्ती बांधवांच्या सभेत बोलले. येवल्याच्या घोषणेला तेव्हा सव्वादोन वर्षे झाली होती. हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगणारा हा नेता कोणत्या धर्माकडे वळतो, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले होते. त्या सभेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला. परंतु समोरच्यांना गोड वाटेल तेवढेच बोलून निघून जाणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, हे त्यांनी ख्रिस्ती माणसांच्या तोंडावर सांगितले. आणि त्याहून महत्त्वाचा सवाल केला, की समाज म्हणून तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध राजकीय लढा कधी दिला? त्याच महिन्यात खोती पद्धतीविरुद्ध हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळावर धडकले. आधी स्वतः लढायचे आणि मग दुसऱ्याला विचारायचे, ही त्यांची रीत होती.

तो सवाल आज पालघर जिल्ह्यात उभे राहून पुन्हा विचारला पाहिजे. कारण महाराष्ट्रात कॅथलिक समाज जिथे शतकानुशतके मुळे रोवून आहे, तो हा प्रदेश. वसईचा वेगळा धर्मप्रांत १९९८ साली झाला आणि वसईपासून तलासरीपर्यंतचा पट्टा त्यात आला. याच पट्ट्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी आहेत, मांगेला आणि कोळी मच्छीमार आहेत, तारापूरचे अणुकेंद्र आहे, बोईसरची औद्योगिक वसाहत आहे आणि आता वाढवण बंदर येऊ घातले आहे. अन्यायाचे इतके प्रकार एकाच जिल्ह्यात असताना देवळातली, मशिदीतली, चर्चमधली वा विहारातली प्रार्थना कुणाच्या बाजूने उभी राहते, हा प्रश्न टाळता येत नाही.

डोंगरातले उत्तर

या प्रश्नाचे पहिले उत्तर डोंगरपट्टीतून आले. वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली तलासरीच्या झरी गावात लाल बावटा उभा राहिला, गोदावरी परुळेकरांनी तो लढा चालवला, हे आपण जाणतो. त्यानंतर तीस वर्षांनी त्याच भागात एक वेगळी घटना घडली. जेझुइट संघाच्या धर्मगुरूंच्या शाळा आणि वसतिगृहे तिथे होती. आदिवासी पोरांना शिकवावे, दुखणेकऱ्याला औषध द्यावे, प्रार्थना करावी, असे ते काम. १९७४-७५ साली या संघाची जागतिक महासभा रोममध्ये भरली आणि तिने ठराव केला, की श्रद्धेची सेवा करायची तर न्यायासाठी झटणे तिच्यातून वगळता येणार नाही. ठराव कागदावर सगळेच करतात. डहाणूत तो काही माणसांनी खरा मानला.

पीटर डिमेलो नावाचे जेझुइट या भागात आले. ते पुढे प्रदीप प्रभू झाले. १९७८ साली कष्टकरी संघटना उभी राहिली. जमीन कसणारा वारली आणि त्याला 'अतिक्रमणदार' ठरवणारे वनखाते, हा तिचा मुख्य लढा होता. आदिवासी म्हणे, माझ्या बापाने ही जमीन फोडली. साहेब म्हणे, कागद दाखव. पिढ्यानपिढ्या ज्याला लिहू दिले नाही त्याच्याकडे कागद मागायचा, ही मनुवादी चलाखी आपल्याला ओळखीची आहे. हे प्रकरण 'प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून मान्य झाला, त्यामागे अशा अनेक संघटनांची वर्षानुवर्षांची झुंज आहे. ज्याच्या शब्दाला किंमत नव्हती त्याचा शब्द पुरावा ठरला. समतेच्या चळवळीने याचे मोल ओळखले पाहिजे.

मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये. हे काम धर्मसंस्थेच्या चौकटीत राहून पुरे झाले नाही, त्यासाठी धर्मगुरूला झगा उतरवावा लागला. शाळा आणि दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला सरकारशी, जमीनदाराशी जुळवून घ्यावे लागते. जमिनीचा प्रश्न काढला की ते जुळणे संपते.

याच संघाचे दुसरे एक नाव आपल्याला अधिक जवळचे आहे. झारखंडच्या आदिवासींसाठी आयुष्य वेचलेले फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. वय ८३, कंपवाताने हात थरथरत. पेला धरता येत नाही म्हणून तळोजा तुरुंगात सिपर आणि स्ट्रॉ मिळावा असा अर्ज करावा लागला आणि तेवढ्यासाठी तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, जामीन न मिळताच, त्यांनी प्राण सोडला. भीमा कोरेगावचा विजयस्तंभ आमचा. त्या प्रकरणात ख्रिस्ती धर्मगुरू मेला तो आमचा नव्हे, असे आंबेडकरी माणूस म्हणू शकत नाही.

किनाऱ्यावरचे उत्तर

दुसरे उत्तर वसईच्या हिरव्या पट्ट्यातून आले. १९८८ च्या सुमारास वसईची हजारो हेक्टर जमीन बांधकामासाठी मोकळी झाली. बिल्डर, पुढारी आणि गुंड यांची युती झाली. विहिरींचे गोडे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. तेव्हा 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून लोकांना रस्त्यावर उतरवले. भल्याभल्यांची वाचा बसवणाऱ्या दहशतीच्या काळात एक मराठी लेखक-धर्मगुरू नाव घेऊन बोलत होता. चर्चच्या अंगणातून मोर्चा निघत होता. हिंदू शेतकरीही त्यात होता. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा 'ख्रिस्ती धर्मगुरू कशाला?' म्हणून ओरड करणारे कोण होते, हे महाराष्ट्राने पाहिले. आजारी असतानाही ते संमेलनाला गेले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

हा लढा खराच होता. पण तो मुख्यतः जमीन असलेल्यांचा, आपली वाडी आणि आपली विहीर वाचवणाऱ्यांचा लढा होता. त्यात काही गैर नाही. प्रश्न एवढाच, की वसईच्या पूर्वेला ज्याच्या नावावर गुंठाही नाही तो कातकरी वेठीला बांधला गेला होता, त्याच्या मुक्तीसाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित श्रमजीवी संघटना बांधत होते, तेव्हा पश्चिमेच्या धर्मग्रामांतून तेवढाच मोठा जमाव तिकडे गेला काय? स्वतःसाठी लढणे ही सुरुवात झाली. दुसऱ्यासाठी लढणे हीच बंधुतेची कसोटी.

बोईसर-तारापूरची कसोटी

ती कसोटी आज बोईसर-तारापुरात लागते आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. देशाला वीज मिळाली, पण त्या गावांच्या वाट्याला पुनर्वसनाची कोर्टकचेरी आली. शेजारच्या औद्योगिक वसाहतीचे रासायनिक सांडपाणी खाडीत आणि समुद्रात गेले. मासा गेला, मच्छीमाराचा धंदा गेला. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०२२ साली लवादाने शंभरावर कारखान्यांना पर्यावरणीय भरपाईचा आदेश दिला. कारखान्याच्या आतही माणूस स्वस्तच. जानेवारी २०२० मध्ये याच वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जीव गेले. कंत्राटी कामगाराच्या मरणाची बातमी दोन दिवस टिकते.

त्यात आता वाढवण. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, या बंदराला नकार दिला होता. न्या. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले आणि २०२३ साली त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२०० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे. ज्या समुद्राचा सातबारा नसतो, त्याच्यावर पोट असणाऱ्याला प्रकल्पग्रस्त तरी कोण म्हणणार? वारल्याला जसा कागद मागितला, तसाच आता मच्छीमाराला मागितला जाईल.

इथे कॅथलिक धर्मग्रामांना काम आहे. मच्छीमारांच्या लढ्यात चर्चची परंपरा मोठी आहे. केरळचे फादर थॉमस कोचेरी धर्मगुरू राहूनच राष्ट्रीय मच्छीमार चळवळीचे नेते झाले आणि परदेशी ट्रॉलरविरुद्ध देशभरचा किनारा त्यांनी उभा केला. वसईचा ख्रिस्ती कोळी आणि वाढवणचा हिंदू मांगेला एकाच पाण्यावर जगतात. रविवारच्या मिस्सानंतर वाढवणचा, कंत्राटी कामगाराच्या विम्याचा, विस्थापिताच्या घराचा विषय निघाला, तर ती प्रार्थना सोलापूरच्या सवालाला उत्तर देईल. नुसती मेणबत्ती लावून ते उत्तर मिळणार नाही.

आतली जात

परंतु बाहेरच्या अन्यायावर बोलणाऱ्याने घर आधी झाडावे. पोर्तुगीज काळात धर्म बदलून साडेचारशे वर्षे झाली, तरी वसईत पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते हे आजही कौतुकाने सांगितले जाते. येशूच्या मेजावर सगळे सारखे असतील तर पूर्वजांच्या जातीचे कौतुक कशाला? भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव असल्याचे मान्य केले. ही कबुली मोलाची. हैदराबादचे अँथनी पूला २०२२ साली पहिले दलित कार्डिनल झाले, तेही चांगलेच. पण दोन हजार वर्षांच्या चर्चला पहिला दलित कार्डिनल मिळायला २०२२ साल उजाडावे लागले, याचाही विचार व्हावा.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. १० ऑगस्ट हा आदेशाचा दिवस ते काळा दिवस म्हणून पाळतात. बौद्धांना तेहतीस वर्षे झगडावे लागले, तेव्हा सवलत मिळाली. हे दुःख आपण भोगलेले आहे. म्हणून जागा वाढवून, कुणाच्या ताटातले न काढता, त्यांना न्याय मिळावा असे म्हणायला आपली जीभ अडखळू नये.

आणि शेवटी आपल्याकडे वळू. विहारात दर रविवारी वंदना होते. त्रिसरण, पंचशील होते, खीरदान होते. बोईसरच्या कारखान्यात राबणारा आपला बौद्ध कामगार त्या वंदनेला बसतो. त्याच्या ठेकेदाराचे नाव विहारात घेतले जाते काय? वारल्याच्या वनहक्क दाव्याचा अर्ज तिथे कुणी भरून देतो काय? बाबासाहेबांनी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांना विचारलेला सवाल आज आपल्यालाही लागू आहे.

धर्मग्राम आणि विहार यांनी एकमेकांचा धर्म तपासत बसू नये. पालघरच्या रस्त्यावर आदिवासी, मच्छीमार आणि कंत्राटी कामगार उभा आहे. जो त्याच्या शेजारी जाऊन उभा राहील, त्याची प्रार्थना आम्ही खरी मानू.