नेरळ-माथेरानची गाडी कॉम्प्युटरवर चालवायची तर काय काय लागतं?

कोल्हापूरहून मुंबईला निघालेली कोयना एक्स्प्रेस कर्जत सोडते आणि थोड्याच वेळात नेरळ मागे टाकते. डाव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसतो. त्या डोंगरावर अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून एक गाडी चढते, हे महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत आहे. कित्येकांचे लहानपणीचे फोटोही त्या गाडीत काढलेले असतात.

आता समजा, ही गाडी घरबसल्या कॉम्प्युटरवर चालवायची आहे. ट्रेन सिम्युलेटर म्हणजे रेल्वे चालवायचा गेम, पण त्यात जिंकणं-हरणं नसतं. ड्रायव्हरच्या जागी बसायचं, वेग सांभाळायचा, ब्रेक वेळेवर लावायचा. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ मध्ये आला, त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातून ट्रेन्झ आला. आज ‘ओपन रेल्स’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. या सगळ्यांची खरी गंमत म्हणजे नवा मार्ग आणि नवं इंजिन लोक स्वतः बनवून त्यात घालू शकतात. युरोप-अमेरिकेतल्या बंद पडलेल्या कितीतरी डोंगरी रेल्वे हौशी मंडळींनी अशाच पुन्हा चालू केल्या आहेत.

मग माथेरानची का नको? करता येईल. पण सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

कुठल्या सालातली गाडी?

हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेलं. सुरुवातीला जर्मनीच्या ‘ओरेनस्टाइन अँड कोपेल’ कंपनीची वाफेची चार इंजिनं होती. १९५०च्या दशकात डिझेल इंजिनं आली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ थांबली. पुढे २६ जुलै २००५च्या पावसात मार्ग जागोजागी वाहून गेला आणि २००७ मध्ये, म्हणजे नेमका शंभराव्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून गाडी थांबली. २०१९च्या पावसाने पुन्हा तडाखा दिला आणि नेरळपासून वरपर्यंतची पूर्ण सेवा यायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला.

म्हणजे ‘माथेरानची गाडी’ ही एक गोष्ट नाहीच. हौशी माणसाला सगळ्यात मोह पडावा असा काळ १९६०च्या आसपासचा, कारण तेव्हा वाफ आणि डिझेल दोन्ही एकाच मार्गावर दिसत. अडचण एवढीच की त्या काळाचे व्हिडिओ यूट्यूबवर आजच्यासारखे शेकड्यांनी सापडत नाहीत.

डोंगर कुठून आणायचा?

हे काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने रडार वापरून जगाच्या बऱ्याचशा जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज फुकट उतरवून घेता येते. सिम्युलेटरमध्ये ती टाकली की सह्याद्री उभा राहतो.

पण जरा वितळल्यासारखा! कारण या मोजणीत दर ३० मीटरला एक आकडा असतो. सलग पठारासाठी तेवढं पुरतं. माथेरानचा कडा मात्र ३० मीटरच्या आत सरळ खाली कोसळतो. मोजणीत त्याची नुसती उतरण होते आणि दोन फुटी रेल्वेने कातळ फोडून केलेली खाच तर पूर्णच गायब होते. ती हातानेच कोरावी लागते.

चढाचंही तसंच आहे. या मार्गावर सगळ्यात तीव्र चढ २०ला १ आहे, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. खंडाळ्याच्या घाटातला चढ ३७ला १ आहे आणि तिथेही कोल्हापूरकडे येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिन लावतात, त्यावरून कल्पना यावी. मोबाइलच्या जीपीएसने हा चढ मोजू म्हटलं तर उंची पाच-दहा मीटरने सहज चुकते. आणि १०० मीटर रुळावर सगळा चढ मिळूनच पाच मीटर असतो. मोजमाप आणि चूक सारखीच!

रुळावरून चालत जाऊन मोजावं असा विचार कुणी करत असेल, तर परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे. गाडीच्या खिडकीतून केलेलं सलग शूटिंग बरं. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं, मार्गावरचा एकुलता एक ‘वन किस’ बोगदा आणि पॅनोरमा पॉइंटजवळचं वळण एवढ्या खुणा धरल्या तरी बाकीचा मार्ग बराच जागेवर बसतो.

जे खऱ्यात अवघड, ते इथे फुकट

आता या प्रकरणातला सगळ्यात मजेशीर भाग.

बहुतेक सिम्युलेटरमध्ये गाडी रुळाच्या मध्यरेषेला जणू दोरीने बांधलेली असते. वळण कितीही तीव्र असो, इंजिन मुकाट्याने वळतं. रूळ दोन फुटी आहे की साडेपाच फुटी, याने बहुतेक वेळा फक्त चित्र बदलतं.

प्रत्यक्षात याच वळणांनी इंजिनिअरांना घाम फोडला होता. तीन जोड चाकांचं इंजिन अशा वळणावर अडकतं, नाहीतर रुळावरून उतरतं. त्यावर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने आखलेल्या इंजिनांत पहिला आणि शेवटचा आस पोकळ ठेवला होता. आत दुसरा आस फिरायचा आणि बाहेरची चाकं वळणाप्रमाणे थोडी सरकू शकायची. पुढे एका ठिकाणी चढावर गाडी उलटी न्यावी लागू नये म्हणून घोड्याच्या नालेसारखा मोठा भराव घातला. ही सगळी अक्कल सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही. त्याला तिची गरजच पडत नाही.

ब्रेकची गोष्ट याहून बोलकी आहे. कीबोर्डवर एक बटण दाबलं की अख्खी गाडी थांबते. माथेरानच्या गाडीत मात्र वर्षानुवर्षं डब्यांवर ब्रेकमन उभे असत. ड्रायव्हरच्या इशाऱ्यावर ते हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत. एअर ब्रेक आले ते २०१६च्या अपघातांनंतर. तेव्हा १९६०ची गाडी खरी करायची तर बटण दाबल्यावर ब्रेक लागायला मुद्दाम उशीर ठेवावा लागेल. गेम खेळणारा वैतागेल, पण तोच खरा अनुभव.

आणि कोल्हापूरच्या दारातली गाडी?

याच कॅलथ्रॉपची दुसरी रेल्वे आपल्या अगदी जवळ होती. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी. १८९७ मध्ये ती बार्शीला सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. कोल्हापूरहून मिरज आणि तिथून त्या छोट्या गाडीने पंढरपूर, असा प्रवास केलेली माणसं आजही घरोघर सापडतील. आता तिथे ब्रॉडगेज आहे. म्हणजे खिडकीतून शूटिंग करायची सोय उरलेली नाही.

माथेरानचा मार्ग अजून जागेवर आहे. त्याच्या मूळ इंजिनांपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आणि एक इंग्लंडमध्ये जपलेलं आहे. बार्शीची गाडी कुणाला उभी करायची असेल तर बरीचशी भिस्त जुन्या फोटोंवर आणि आठवणींवर.

तेव्हा घरात आजोबांचा मिरज स्टेशनवरचा फोटो असेल, तर तो आजोबांपुरता कापून व्हॉट्सॲपवर टाकू नका. पूर्ण फोटो स्कॅन करा, मागे लिहिलेलं सालही. डबा टोकाकडून दिसत असेल आणि खाली दोन्ही रूळ आले असतील, तर काम झालंच म्हणा. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर हे पक्कं ठाऊक आहे. त्या मापाने डब्याची रुंदी, उंची, दाराची चौकट सगळं काढता येतं.