बुडबुड्यांची साक्ष

धाकट्या चिरंजीवांच्या गुडघ्यावरील गळवाने घरादाराची झोप उडविली. डॉक्टरांनी पू तपासणीस पाठविला. प्रयोगशाळेत माझा भाचाच कामाला. दुसऱ्या दिवशी मीही तेथे जाऊन बसलो.

"मामा, संशयित दोघे. सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही जांभळे नि वाटोळे. स्टॅफिलोकोकस घोसाने राहतो, स्ट्रेप्टोकोकस माळेने. पण घोस विस्कटला, माळ तुटली, की ओळखायचे कसे?"

'स्टॅफिली' म्हणजे ग्रीकमध्ये द्राक्षांचा घोस. हे नाव १८८२ साली ऑग्स्टन या शल्यवैद्याने दिले. एवढीच काय ती माझी विद्या!

भाच्याने काचपट्टीवर वाढलेल्या जंतूंचा कण ठेवला आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला. बुडबुडे फसफसले! स्टॅफिलोकोकसजवळ कॅटॅलेज नावाचे विकर असते; ते पेरॉक्साइड फोडून प्राणवायू मोकळा करते. स्ट्रेप्टोकोकसपाशी ते नसते. मग सशाच्या रक्तद्रवात दुसरा कण कालवला. १० सेकंदांच्या आत गुठळ्या!

"बहुतेक ऑरियसच, मामा."

कोणते औषध लागू पडेल, याचा निकाल आणखी एका दिवसाने आला. डॉक्टरांनी औषध बदलले आणि चिरंजीव पुन्हा अंगणात धावू लागले.

रूपावर जाऊ नये, करणी पाहावी, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. पटवून दिले ते मात्र त्या थेंबाने!