अभ्यासिकेतल्या संगणकांच्या पडद्यामागचा बदल



आपल्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत चार छोटे संगणक आहेत हे आपल्याला ठाऊक आहेच. ते आपणच दिले आहेत. या सुट्टीत त्यांच्यावर एक नवी व्यवस्था बसवून पाहिली. पडद्यावर चित्र कसे उमटते याबद्दलची ही व्यवस्था आहे. वरवर पाहता मुलांना यातले काही दिसणारही नाही. पण बिघडलेला संगणक शहरात बसून दुरुस्त करता येतो की नाही, हे या बदलावर अवलंबून होते. म्हणून ही गोष्ट जरा नीट सांगावीशी वाटते.

आधी संगणकाविषयी. रास्पबेरी पाय हे त्याचे नाव. एकाच पाटीवर सगळे भाग बसवलेला, तळहातावर मावणारा हा संगणक इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये तयार झाला. पहिला 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीला आला, तेव्हा त्याची किंमत 35 डॉलर ठेवली होती. शाळकरी मुलांच्या हाती स्वस्त संगणक पडावा आणि त्यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकावे, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडचे चारही संगणक 2019 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीचे आहेत. त्याचा वीजपुरवठा जास्तीत जास्त 15 वॉटचा असतो, म्हणजे साध्या एलईडी दिव्याइतका. आपल्या भागात वीज जाते-येते, त्यामुळे लहानशा इन्व्हर्टरवरही हे संगणक चालतात. मॉनिटरला मात्र त्याहून जास्त वीज लागते, हे विसरून चालत नाही.

या संगणकात हार्ड डिस्क नसते. सगळी कार्यप्रणाली नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. नवे काही करून पाहायला याचा फार उपयोग होतो. जुने कार्ड काढून डबीत ठेवायचे, नव्या कार्डावर नवी प्रणाली भरायची आणि तेच यंत्र चालू करायचे. पसंत पडले नाही, तर जुने कार्ड परत घालायचे. आपला प्रयोगही असाच केला. मुलांच्या फाइली असलेली कार्डे तेवढा वेळ वॉर्डनताईंच्या कपाटात होती.

आता मूळ मुद्दा. पडद्यावर एकाच वेळी चार खिडक्या उघड्या असतात: एकात लिखाण, एकात चित्र, एकात व्हिडिओ, एकात गणिताचा खेळ. प्रत्येक प्रोग्रॅम आपापले चित्र तयार करतो, पण पडदा एकच. कोणती खिडकी वर, कोणती खाली, कळ दाबली तर ती कोणाला पोचवायची, हे ठरवणारा कोणीतरी मध्ये लागतो. इतकी वर्षे हे काम एक्स नावाची व्यवस्था करत आली. ती 1984 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जन्मली, आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स-११, 1987 ची आहे. त्या काळी एक मोठा संगणक एका खोलीत आणि त्याचे पडदे दुसऱ्या इमारतीत असत. एक्सची रचना त्या गरजेतून झाली, आणि त्या गरजेसाठी ती उत्तमच होती.

पुढे पडद्यावर सावल्या, पारदर्शक खिडक्या, हलती चित्रे आली. मग सगळ्या खिडक्या एकत्र जुळवून एक चित्र करणारा वेगळा प्रोग्रॅम मध्ये आणावा लागला. आपल्या चर्चच्या सूचनाफलकाची कल्पना करा. प्रत्येक मंडळ आपली सूचना सचिवांकडे देते. सचिव त्या सगळ्या मांडणी करणाऱ्याकडे पाठवतात. तो त्या नीट जुळवून पुन्हा सचिवांकडे देतो, आणि मग सचिव फलकावर लावतात. काम होते, पण एकाच कागदाच्या दोन फेऱ्या होतात. वेलँड नावाच्या नव्या व्यवस्थेत मांडणी करणाराच कागद घेतो आणि तोच लावतो. मधली फेरी गेली.

वेलँडचे काम 2008 मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग या प्रोग्रॅमरने सुरू केले. मॅसॅच्युसेट्स राज्यात वेलँड नावाचे एक गाव आहे, त्याच्यावरून हे नाव पडले. रास्पबेरी पायसाठी तिचा प्राथमिक नमुना 2013 सालीच लोकांपुढे आला होता, कारण पहिल्या पायचा मुख्य प्रोसेसर दुबळा होता आणि खिडक्या जुळवण्याचे काम त्याच्याकडून काढून चित्रांसाठीच्या वेगळ्या भागावर टाकता आले तर हवेच होते. तरी ती नेहमीच्या वापरात यायला दहा वर्षे गेली. ऑक्टोबर 2023 च्या प्रणालीत चौथ्या आणि पाचव्या आवृत्तीच्या पायवर ती आपोआप येऊ लागली आणि ऑक्टोबर 2024 पासून सर्वच पायवर. आता तिथे खिडक्या जुळवण्याचे काम लॅबडब्ल्यूसी नावाचा हलका प्रोग्रॅम करतो. (नाव उच्चारायला अवघड आहे, पण मुलांना त्याच्याशी काही देणे-घेणे नाही.)

आमच्या अभ्यासिकेत काय फरक पडला? सगळ्यात आधी डोळ्यांत भरला तो व्हिडिओ. विज्ञानाचे व्हिडिओ दाखवताना पूर्वी कधी कधी चित्र आडवे फाटल्यासारखे दिसे. वरचा अर्धा भाग पुढच्या क्षणाचा आणि खालचा अर्धा मागच्या क्षणाचा. वेलँडमध्ये चित्र पूर्ण तयार झाल्यावरच पडद्यावर जाते, त्यामुळे ते फाटणे दिसले नाही. खिडकी ओढताना ती मागे रेंगाळत नाही.

दुसरा फायदा दिसत नाही, पण माझ्या मते तो जास्त मोलाचा आहे. एक्समध्ये एका वापरकर्त्याचा कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दाबलेल्या कळा वाचू शकतो. म्हणजे कोणी खेळ म्हणून काही भलतेच उतरवून घेतले, तर शेजारच्या खिडकीत कोणी पासवर्ड टाइप करत असताना ते ऐकू शकते. शिष्यवृत्तीचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात आणि ते याच संगणकांवर भरले जातात. तेव्हा ही बाब साधी नाही. वेलँडमध्ये कळ ज्या खिडकीसाठी आहे, तिलाच मिळते.

जुने प्रोग्रॅम चालतील का, ही भीती होती. लिखाणाचा लिब्रेऑफिस चालला. मुलांचा लाडका स्क्रॅचही चालला. जे प्रोग्रॅम अजून एक्सचीच भाषा बोलतात, त्यांच्यासाठी वेलँडमध्ये एक्सवेलँड नावाचा दुभाष्या ठेवलेला आहे.

मराठी टंकलेखनाला मात्र वेळ द्यावा लागला. इंग्रजी आणि देवनागरी इन्स्क्रिप्ट असे दोन कीबोर्ड बदलण्यासाठी आमच्याकडे एक जुनी आज्ञा होती. ती एक्ससाठी लिहिलेली असल्यामुळे वेलँडमध्ये उपयोगी पडत नाही. तिथे कीबोर्डची नावे लॅबडब्ल्यूसीच्या एका साध्या मजकूर-फाइलीत लिहावी लागतात. एकदा लिहिली की झाले. आता ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की देवनागरी येते. पडद्याचा आकार ठरवणारी जुनी आज्ञाही अशीच बाद झाली, पण त्यासाठी मेनूतच एक सोय आहे.

खरी अडचण दूरच्या दुरुस्तीची होती. अभ्यासिकेपर्यंत जायला मला एसटीने जवळजवळ अख्खा दिवस लागतो. त्यामुळे काही अडले की वॉर्डनताई फोन करतात आणि मी इथून त्या संगणकाचा पडदा उघडून पाहतो. ज्या सॉफ्टवेअरने मी हे करत होतो, ते एक्सच्या मोकळेपणावरच उभे होते. कोणालाही पडदा वाचता येतो, म्हणून त्यालाही वाचता येत होता. वेलँडने ते दार बंद केले. आधी ज्याला गुण म्हटले, त्याचीच ही दुसरी बाजू. एखादा संगणक बिघडला आणि मला तो दिसलाच नाही, तर पुढच्या फेरीपर्यंत तो कापडाखाली झाकून राहणार, आणि दहावीची मुले एका यंत्रावर चौघे बसणार. हे मला पटणारे नव्हते. त्या दिवशी जुनी कार्डे परत घालण्याच्या मी अगदी बेतात होतो.

उपाय निघाला तो रास्पबेरी पायवाल्यांच्याच सेवेतून. 2024 मध्ये त्यांनी कनेक्ट नावाची सोय सुरू केली. ब्राउझर उघडायचा, खात्यात शिरायचे, आणि आपल्या संगणकाचा पडदा समोर येतो. यातली पडदा दाखवण्याची सोय फक्त वेलँडवरच चालते. म्हणजे जे दार बंद झाले होते, त्याला कुलूप-किल्लीसह नवे दार मिळाले. गावातले मोबाइल नेटवर्क मंद असले की पडदा अडखळत येतो, हे खरे. तेव्हा पडद्याऐवजी नुसत्या लिखित आज्ञा पाठवण्याचा मार्ग त्याच सेवेत आहे, आणि त्याला फारच कमी डेटा लागतो. पावसाळ्यात तोच जास्त कामी येईल असे वाटते.

तीन संगणक आता नव्या व्यवस्थेवर आहेत. त्यांची जुनी कार्डे नाव घालून कपाटात ठेवली आहेत. चौथा, जो वाचनाच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला जोडला आहे, तो एक्सवरच ठेवला आहे. त्याच्यावर रोज सकाळी पाठांतराची पाने आपोआप उलगडतात. ते काम करणारी आज्ञावली दुसऱ्या खिडकीत स्वतःहून कळा दाबते, आणि वेलँड तसे करू देत नाही. ती नव्याने लिहावी लागेल. शाळा सुरू होण्याआधी दोन दिवस तिथे जाणार आहे, तेव्हा ते काम हाती घेतो. आपल्यापैकी कोणाकडे वापरात नसलेली 32 जीबीची चांगली मेमरी कार्डे असतील, तर पुढच्या रविवारी ती कार्यालयात आणून द्यावीत. प्रत्येक संगणकामागे एक जादा कार्ड तयार ठेवायचे आहे.