पात्रनिर्मिती (मजकूर-आधारित भूमिकाखेळ)

ऑनलाइन मजकूर-आधारित भूमिकाखेळात उतरण्यापूर्वी खेळाडू स्वतःसाठी जे काल्पनिक व्यक्तिमत्त्व रचतो, त्या रचनेच्या प्रक्रियेस व तिच्या नियमांस पात्रनिर्मिती असे म्हणतात. पात्राचे नाव, पूर्वेतिहास, स्वभाव, गुण, कौशल्ये, उणिवा आणि विशेष शक्ती हे तिचे प्रमुख घटक होत. अशा खेळांत चित्र किंवा ध्वनी नसतो. घडणारी प्रत्येक गोष्ट कोणीतरी लिहिलेल्या वाक्यामुळेच घडते. त्यामुळे पात्राला कोणती शक्ती द्यावी हा प्रश्न येथे केवळ कल्पनाविलासाचा राहत नाही. सामायिक कथेत कोणत्या खेळाडूच्या शब्दाला कितपत अधिकार असावा, हे त्यातून ठरते.

## इतिहास

पात्रनिर्मितीच्या बहुतेक पद्धतींचे मूळ टेबलावर बसून खेळल्या जाणाऱ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळात आढळते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्यात बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव असे सहा गुण अंकांत मांडले जात. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून ३ ते १८ मधील एक अंक मिळे.

१९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी 'मल्टी-युजर डंजन' म्हणजेच 'मड' या खेळाची रचना सुरू केली. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तिचा विस्तार केला. एकाच वेळी अनेकांना मजकुराच्या साहाय्याने एका जगात वावरता येणे ही त्याची नवलाई होती. या खेळात वंश किंवा व्यवसाय निवडण्याची सोय नव्हती. गुणसंख्या वाढवत जाणारा खेळाडू अखेरीस 'विझार्ड' या पदाला पोहोचे आणि त्याला खेळाच्या व्यवस्थापनाचे अधिकार मिळत. शक्ती निर्मितीच्या वेळी मिळत नसे, ती कमवावी लागे.

पुढील काळात दोन भिन्न प्रवाह निर्माण झाले. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९९० च्या सुमारास तयार झालेल्या 'डिकूमड'ने जादूगार, पुरोहित, योद्धा आणि चोर असे चार वर्ग ठेवले व लढाईवर भर दिला. याउलट जिम अ‍ॅस्पन्स यांनी १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात रचलेल्या 'टायनीमड'मध्ये लढाईची यंत्रणाच वगळून संभाषण आणि जगबांधणी यांना महत्त्व देण्यात आले. पहिल्या प्रवाहात पात्र मुख्यतः अंकांनी, तर दुसऱ्यात मुख्यतः वर्णनाने घडू लागले. पाळीपाळीने परिच्छेद लिहून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत प्रामुख्याने दुसरी रीत दिसते.

## निर्मितीच्या पद्धती

दैवाधीन पद्धत. गुण फाशांवर सोपवले जातात. तीन फाशांची सरासरी १०.५ येते आणि १८ हा सर्वोच्च अंक पडण्याची शक्यता २१६ मध्ये १ असते. असामान्य पात्र दुर्मीळ राहते, हा या पद्धतीचा लाभ. मात्र ज्याचा फासा उलटा पडतो, तो खेळाडू महिनोन्‌महिने चालणाऱ्या खेळात सतत मागे राहू शकतो.

वर्गाधिष्ठित पद्धत. खेळाडू एक व्यवसाय किंवा कुळी निवडतो व तिच्याबरोबर ठरावीक शक्ती आपोआप येतात. नवख्या खेळाडूला ही पद्धत सोपी जाते. परंतु एकाच वर्गातील पात्रे परस्परांची प्रतिकृती वाटू लागण्याचा धोका असतो.

गुणखरेदी. सर्वांना समान गुणसंख्या दिली जाते व त्यातून शक्ती 'विकत' घ्याव्या लागतात. 'चॅम्पियन्स' (१९८१) या महामानवांवरील खेळाने ही पद्धत लोकप्रिय केली. त्यात पात्राने एखादी उणीव स्वीकारल्यास जादा गुण मिळत. या व्यवहारातील नेहमीची पळवाट म्हणजे कधीही प्रसंग न येणारी उणीव. वाळवंटात घडणाऱ्या कथेत खोल पाण्याची भीती ही उणीव ठरत नाही. त्यामुळे कथेत जी अडवते तीच उणीव, असा निकष संचालक लावतात.

लिलाव. एरिक वुजिक यांच्या 'अँबर' (१९९१) या फासे न वापरणाऱ्या खेळात खेळाडू चार गुणांसाठी परस्परांवर बोली लावतात. कोण कोणापेक्षा वरचढ हे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरते.

वर्णनात्मक पद्धत. अंक नसतात. खेळाडू पात्रपरिचय लिहितो, संचालक तो वाचून दुरुस्त्या सुचवतात आणि मान्यता मिळाल्यावरच पात्र कथेत प्रवेश करते.

## शक्तींची रचना

मजकूर-आधारित खेळात शक्तीचे वर्णन पुरेसे ठरण्यासाठी सामान्यतः पाच गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: शक्तीने काय करता येते, काय करता येत नाही, वापराची किंमत काय, वापर होताना इतरांना काय जाणवते आणि तिला तोड कोणती.

यांतील शेवटच्या दोन गोष्टी परिचयपत्रात अनेकदा राहून जातात. प्रत्यक्षात सहखेळाडूंना त्यांचीच सर्वाधिक गरज असते. एखादे पात्र नजरेने आग लावत असेल, पण त्याआधी त्याचे डोळे क्षणभर लालसर होत असतील, तर समोरच्या खेळाडूला उडी मारून बाजूला झाल्याचे लिहिण्याची संधी मिळते. पूर्वखूण नसेल तर त्याच्यापुढे जळून जाणे किंवा वाद घालणे एवढेच पर्याय उरतात.

काही शक्ती स्वभावतःच अवघड मानल्या जातात. मन वाचण्याची शक्ती त्यांपैकी एक होय. लिखित खेळात पात्राच्या मनातील विचारही निवेदनात लिहिले जातात व ते सर्वांना दिसतात. त्यामुळे खेळाडूला माहीत असलेले आणि पात्राला माहीत असलेले यांतील सीमारेषा आधीच पुसट असते. मनोवाचनाने ती पुरती नाहीशी होते. भविष्यज्ञानामुळे इतरांनी अजून न लिहिलेल्या मजकुरावर बंधन येते, तर काळ मागे नेण्याच्या शक्तीमुळे त्यांनी लिहिलेला मजकूर रद्द ठरतो. म्हणून अशा शक्ती एकतर नाकारल्या जातात किंवा 'ज्याच्या मनाचा प्रश्न आहे त्या खेळाडूने सांगितले तेवढेच कळेल' अशा अटीवर दिल्या जातात.

दोष नसलेल्या, सर्वांना प्रिय व सर्व विद्यांत पारंगत पात्राला 'मेरी स्यू' म्हटले जाते. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये लिहिलेल्या एका विडंबनकथेतील नायिकेवरून हे नाव रूढ झाले.

## डाव आणि तोड: एक उदाहरण

शक्तीला मर्यादा कशी घालावी हे समजण्यासाठी मराठी वाचकाला परिचित असलेले कुस्तीचे उदाहरण उपयोगी ठरते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात तालमींची परंपरा भरभराटीला आली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. या परंपरेत पट, ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड असे अनेक डाव शिकवले जातात आणि डावाबरोबर त्याची तोडही शिकवली जाते. पट काढणारा पैलवान वाकून प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर झेपावतो. प्रतिस्पर्धी पाय मागे फेकून अंगाचा भार त्याच्या पाठीवर टाकतो. डाव टाकणाऱ्याने धोका पत्करलेला असतो, म्हणूनच कुस्ती रंगते.

या जगावर आधारित खेळात एखाद्याने कोल्हापूरच्या तालमीतील पैलवानाचे पात्र रचले आणि 'त्याला कोणीही हरवू शकत नाही' अशी शक्ती लिहिली, तर इतरांना त्याच्याविरुद्ध लिहिण्यासारखे काहीच उरत नाही. तीच शक्ती 'आखाड्याच्या लाल मातीवर पाय असेपर्यंत त्याला कोणी उचलू शकत नाही' अशी लिहिल्यास चित्र बदलते. त्याला दगडी फरसबंदीवर ओढून नेता येते, पंचगंगेच्या घाटावर गाठता येते, घोड्यावर बसण्यास भाग पाडता येते. शक्ती आखाड्यात पूर्वीइतकीच अफाट राहते, परंतु तिच्याभोवती आता इतरांनाही कथा रचता येते. पात्राचा स्वभावही त्यातून घडतो, कारण माती सोडून दूर जाण्यास तो का कचरतो याचे कारण कथेतच सापडते.

## प्रयत्न आणि परिणाम

लिखित भूमिकाखेळांत सर्वत्र आढळणारा संकेत असा की खेळाडूने आपल्या पात्राचा प्रयत्न लिहावा. दुसऱ्याच्या पात्रावरील परिणाम लिहू नये. 'त्याने तलवार चालवून शिलेदाराचा हात तोडला' हे वाक्य अमान्य ठरते. 'त्याने शिलेदाराच्या हाताचा वेध घेत तलवार चालवली' हे चालते. हात तुटला, वार हुकला की ढालीवर बसला, हे शिलेदाराचा खेळाडू ठरवतो. या मोकळिकीचा उलट गैरवापरही होतो: प्रत्येक वार हुकवणाऱ्या खेळाडूशी कोणी खेळू इच्छित नाही. म्हणून कधीतरी घाव सोसणे हाही खेळाचा शिष्टाचार मानला जातो.

हा संकेत मोडल्यास काय घडते, याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण 'लॅम्डामू' या मजकुरी जगात १९९३ मध्ये घडले. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील पॅव्हेल कर्टिस यांनी हे जग उभारले होते. तेथे 'मिस्टर बंगल' हे नाव घेतलेल्या वापरकर्त्याने एका उपप्रोग्रामच्या साहाय्याने इतरांच्या पात्रांच्या नावे लैंगिक अत्याचाराची वर्णने सर्वांसमक्ष प्रसृत केली. त्या पात्रांच्या खेळाडूंनी ती वाक्ये लिहिली नव्हती, तरी वाचणाऱ्यांना ती कृत्ये त्यांच्या पात्रांनीच केल्यासारखी दिसत होती. पीडित खेळाडूंना झालेला मनस्ताप खरा होता. चर्चेनंतर एका विझार्डने ते खाते नष्ट केले आणि पुढे लॅम्डामूत निर्णयांसाठी अर्ज व मतदानाची पद्धत आली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'द व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात ही घटना मांडली. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार कोणत्याही शक्तीत असू नये, या नियमाला या घटनेमुळे नैतिक वजन प्राप्त झाले.

## दशावताराशी साम्य

दक्षिण कोकणातील दशावतारी नाट्यात संवादांची लिखित संहिता नसते. आख्यानाची रूपरेषा नट आपसांत ठरवतात व संवाद रंगमंचावर उत्स्फूर्तपणे बोलतात. असे असूनही शक्तींवरून गोंधळ होत नाही, कारण कोणाचे सामर्थ्य किती व शेवट काय हे पुराणकथेनेच ठरवलेले असते. वेद पळवणाऱ्या संकासुराने मंचावर कितीही धुमाकूळ घातला तरी अखेर विष्णूच्या हातून त्याचा वध होणार, हे नटांना व प्रेक्षकांना ठाऊक असते. ऑनलाइन खेळात शेवट ठरलेला नसतो. त्यामुळे पुराणकथेने जे काम केले असते, ते परिचयपत्र व नियमांना करावे लागते.

## मराठीत रचना करताना येणारे प्रश्न

सुरुवातीचे मजकुरी खेळ १२८ चिन्हांच्या आस्की संकेतप्रणालीवर चालत. तीत देवनागरी अक्षरांना जागा नव्हती. १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाल्यावर ही अडचण तत्त्वतः दूर झाली. व्याकरणाची अडचण मात्र राहते, आणि तिचा संबंध थेट पात्रनिर्मितीशी येतो.

इंग्रजी खेळ 'अमुक पात्र अमुक वस्तू उचलते' असा संदेश एकाच साच्यातून तयार करू शकतो. मराठीत 'तो पळाला', 'ती पळाली' येथे क्रियापद पात्राच्या लिंगानुसार बदलते. परंतु 'तिने भाला उचलला', 'तिने ढाल उचलली', 'तिने धनुष्य उचलले' येथे ते वस्तूच्या लिंगानुसार बदलते. म्हणजे पात्राबरोबरच प्रत्येक वस्तूचे लिंगही नोंदवावे लागते. शिवाय सामान्यरूपे साठवावी लागतात: 'विहीर' पण 'विहिरीत', 'घोडा' पण 'घोड्याला', मात्र 'दत्ता' या विशेषनामाचे 'दत्ताला'. आदरार्थी रूपांमुळे आणखी एक स्तर वाढतो. 'शिपाई आला' पण 'महाराज आले', 'बाईसाहेब आल्या'. खेळाडूला उद्देशून संदेश देताना 'तू भाला उचललास' म्हणायचे की 'तुम्ही भाला उचललात', हेही आधी ठरवावे लागते. म्हणून मराठी परिचयपत्रात पात्राला कोण एकेरीत हाक मारतो व कोण अहोजाहो करतो, याची नोंद उपयुक्त ठरते. त्यातून पात्राचे वय, मान आणि नातीही आपोआप स्पष्ट होतात.

## खेळाडूंचे प्रकार

बार्टल यांनी १९९६ च्या एका लेखात मडमधील खेळाडूंचे यश मिळवणारे, शोध घेणारे, सहवास शोधणारे आणि इतरांवर मात करणारे असे चार प्रकार सांगितले. एकच शक्ती या चौघांना वेगवेगळ्या कारणांनी हवी असते. अदृश्य होण्याची शक्ती शोधकाला बंद वाड्यात शिरण्यासाठी, तर मात करणाऱ्याला पाठीमागून वार करण्यासाठी हवी असते. म्हणून अनुभवी संचालक शक्तीला मान्यता देण्यापूर्वी ती कशासाठी हवी आहे हे विचारतात आणि पुष्कळदा शक्ती तशीच ठेवून तिची अट बदलतात.

## अलीकडील बदल

२०१९ मध्ये आलेल्या 'एआय डंजन' या खेळात निवेदकाची जागा भाषा-प्रतिमानाने घेतली. खेळाडू जे लिहील ते स्वीकारून यंत्र कथा पुढे नेते. येथे दुसऱ्या माणसाच्या संमतीचा प्रश्न उरत नाही. पण अडवणारेही कोणी नसते. एका वाक्यात सर्वशक्तिमान होता येत असल्याने पात्राला उणिवा व मर्यादा देऊन त्या पाळण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी खेळाडूवरच येते.