धूर, डगमग आणि माप : व्हॉल्व्ह गाईडची झीज ओळखायची कशी?

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांचं इंजिनात काय काम? तर आम्ही आयुष्यभर वर्गात जो पहिला दाखला दिला, तो धुराचाच होता. अंकाईच्या डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे विस्तव आहे. न्यायशास्त्राचं सगळं अनुमान या दाखल्यावर शिकवतात. आणि गॅरेजमधला मिस्त्री सायलेन्सरकडे बघून म्हणतो, "निळा धूर मारतेय, गाईड गेले." तोही अनुमानच करतोय. ते बरोबर आहे की नाही, एवढंच आज बघायचं आहे. पण त्या एका वाक्यावर हेड उघडलं जातं आणि मालकाचे हजारो रुपये जातात. उलट बाजूने चुकलं, तर अख्खं इंजिन जातं.

आधी वस्तू काय ते सांगतो. इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह वरखाली होतो. त्याची दांडी, म्हणजे स्टेम, ज्या नळीतून सरकते ती नळी म्हणजे गाईड. ती बिडाची असते, नाहीतर ब्राँझची, किंवा धातूची भुकटी दाबून केलेली. आजच्या मोटारीत स्टेम साधारण 5 ते 8 मिलिमीटर जाडीचा, आणि स्टेम व गाईड यांच्यातली नव्या इंजिनातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजायची. इनटेकला सुमारे 0.02 ते 0.05, एक्झॉस्टला थोडी जास्त, कारण तो जास्त तापून फुगतो. आपल्या डोक्याचा केस बहुधा या फटीत जाणार नाही. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच बघावा.

आता धूर. गाईड झिजलं, की वरचं ऑइल स्टेमच्या कडेने खाली झिरपतं. रात्रभर उभी असलेली पेट्रोल गाडी सकाळी सुरू केली, की निळसर धुराचा एक लोट येतो आणि मग धूर थांबतो. किंवा असं करा. राहुडचा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय अॅक्सिलरेटरवरून काढा. थ्रॉटल बंद, इंजिन मात्र फिरतंय, म्हणजे इनटेकमध्ये जोरदार ओढ निर्माण होते आणि ऑइल गाईडमधून आत खेचलं जातं. खाली येऊन पुन्हा पाय दिलात, की मागे निळा लोट. रिंगा गेलेल्या असतील तर धूर बहुधा लोड घेताना आणि सलग येतो. हा फरक उपयोगी आहे. पण ही घाटाची परीक्षा डिझेल ट्रकला जशीच्या तशी लावू नका. त्या इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे ती ओढच तयार होत नाही. मनमाडला टँकर आणि ट्रक चालवणारी इतकी माणसं आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग धूर दिसला म्हणजे गाईड गेलं, असं म्हणावं का? इथे नैयायिक हात वर करतो. विस्तव असला की धूर असतोच असं नाही. ओलं सरपण असलं तरच. या ओल्या सरपणाला शास्त्रात 'उपाधी' म्हणतात : लपून बसलेली अट, जी निष्कर्ष बिघडवते. आपल्या बाबतीत ही उपाधी म्हणजे स्टेमवरचं रबरी ऑइल सील. वर्षं लोटली, उष्णता लागली, की ते कडक होतं, त्याची पकड जाते. गाईड ठणठणीत असलं तरी निव्वळ सील गेल्याने अगदी तसाच धूर येतो. सील काही रुपयांचं, कित्येक इंजिनांत हेड न उतरवता बदलता येतं. म्हणजे धुरावरून 'ऑइल जळतंय' एवढंच सिद्ध झालं. ते कुठून आलं, हे सिद्ध झालेलं नाही.

उलट बाजू जास्त धोक्याची आहे. नैयायिकांचा दुसरा लाडका दाखला तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा. तिथे अग्नी आहे, धूर नाही. तसं एक्झॉस्टचं गाईड. एक्झॉस्टमध्ये ती ओढ नसते, वायू बाहेर ढकलला जातो. शिवाय सील चांगलं असेल तर ऑइल उतरतच नाही. गाईड कितीही झिजो, धूर नाही. आणि शर्यतीच्या किंवा दमदार इंजिनात बहुतेकदा तेच आधी झिजतं. एक तर उष्णता. दुसरं, व्हॉल्व्ह जास्त उघडायचा म्हणून रॉकर स्टेमच्या टोकाला खाली दाबताना थोडं बाजूलाही रेटतो. कडक स्प्रिंगमुळे तो रेटा वाढतो.

याचं गाजलेलं उदाहरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेतलं आहे, पण ते घ्यायलाच हवं. शेव्हरोले कॉर्व्हेट झेड-झिरो-सिक्स या गाडीत 2006 ते 2013 या मॉडेलवर्षांत एलएस-सेव्हन नावाचं 7 लिटरचं इंजिन होतं. 505 हॉर्सपॉवर, मिनिटाला 7000 फेऱ्यांची मर्यादा. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला जवळजवळ 58 वेळा उघडमिट करणार. इनटेकचे व्हॉल्व्ह टायटॅनियमचे, एक्झॉस्टचे पोकळ, आत सोडियम भरलेले. काही इंजिनांत गाईड फार लवकर झिजले आणि काहींत व्हॉल्व्ह तुटून सिलिंडरमध्ये पडला. हे कसं होतं? गाईड सैल झालं की व्हॉल्व्ह सीटवर दर वेळी किंचित वाकडा बसतो, बसताना स्टेमला बाक येतो, उष्णता सीटमधून नीट बाहेर जात नाही. सेकंदाला 58 वेळा हे झालं, की धातू थकतो. काही हेडमध्ये गाईड आणि सीट एका अक्षावर नव्हते, यंत्रकामातच चूक होती, हे कंपनीनेही मान्य केलं.

मालकांनी मग घरीच तपासणी सुरू केली. स्प्रिंग काढायची, व्हॉल्व्ह थोडा उघडा धरायचा, डायल गेज लावायचा आणि व्हॉल्व्ह इकडून तिकडे हलवून काटा किती फिरतो ते बघायचं. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत 'डगमग बघायची'. कंपनी म्हणाली, ही पद्धत विश्वासार्ह नाही. मालक म्हणाले, कंपनी अंग काढून घेतेय. आमच्या मते दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. कसं, ते हिशेबाने बघू.

गाईड 50 मिलिमीटर लांब आहे आणि फट 0.05 आहे असं धरा. स्टेम वर एका बाजूला आणि खाली दुसऱ्या बाजूला टेकतो, म्हणजे तिरका होतो. गाईडच्या खालच्या तोंडापासून 25 मिलिमीटरवर गेज लावलात तर काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत 0.10 फिरेल. 50 मिलिमीटरवर लावलात तर 0.15. गाईड तेच, फटही तीच. आकडे दोन, आणि दोन्ही फटीपेक्षा मोठे! एकाने 0.15 सांगितलं आणि दुसऱ्याने ते मॅन्युअलमधल्या फटीच्या आकड्याशी ताडलं, की चांगलं इंजिनही बाद ठरतं. शिवाय गाईडमध्ये ऑइल राहिलं असेल तर डगमग कमी दिसते, आणि स्टेमच झिजला असेल तर दोष गाईडच्या माथी जातो. म्हणून व्हॉल्व्ह किती उघडा धरायचा आणि मर्यादा किती, हे मॅन्युअलने एकत्र दिलं असेल तरच हा आकडा कामाचा. तसं नसेल तर एकाच इंजिनातले सगळे व्हॉल्व्ह एकाच पद्धतीने हलवून बघा. सातांची डगमग सारखी आणि आठव्याची दुप्पट आली, तर संशयाला जागा आहे.

खरं माप हेड उतरवूनच. गाईडमधला कार्बन ब्रशने काढायचा. राहिला तर भोक लहान भरतं. मग स्मॉल होल गेज घालायचा, म्हणजे दुभंगलेल्या गोळीसारखं टोक असलेली काडी. भिंतीला हलकं लागेपर्यंत उघडायची, बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजायची. 'हलकं' किती हलकं, हे हात ठरवतो आणि 0.01 चा फरक सहज पडतो. 0.05 मध्ये 0.01 म्हणजे पाचवा हिस्सा, म्हणून दमदार इंजिनाला डायल बोअर गेज बरा. आपल्या गावात रेल्वेचा पुलांचे गर्डर बनवणारा कारखाना आहे. तिथे काम केलेल्या मंडळींना 'कुणी मोजलं आणि कशाने मोजलं' हे विचारायची सवय असते, ती इथेही ठेवावी.

एकाच जागी मोजून भागत नाही. गाईड सारखं झिजत नाही, डमरूसारखं झिजतं : दोन्ही तोंडं रुंद, कंबर बारीक. मध्यभागी मोजलं तर सगळं आलबेल दिसतं. म्हणून वर, मध्ये, खाली अशा तीन जागा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशा : रॉकर रेटतो ती आणि तिला काटकोनातली. एका गाईडची सहा मापं झाली. स्टेमही जिथे घासतो तिथे मायक्रोमीटरने मोजायचा आणि वजाबाकी करायची. नवा व्हॉल्व्ह घालून पुन्हा डगमग बघितली, तर दोष स्टेमचा की गाईडचा हे लगेच वेगळं होतं.

आणि गाईड बदललंच, तर तिथे थांबू देऊ नका. नवं गाईड ठोकून रीमर फिरवला, की भोकाचा मध्य थोडा तरी सरकतो. जुनी सीट जुन्या मध्यावर कापलेली असते. त्यामुळे गाईडनंतर सीट त्याच गाईडमध्ये पायलट घालून पुन्हा कापावी लागते. ते काम 'नंतर बघू' म्हणून सोडलेलं हेड आणि त्या अमेरिकन इंजिनातलं चुकीचं हेड, दोघांचा दोष एकच.