ट्रोपोनिन चाचणी

हृद्‌स्नायूच्या कोशिकांना इजा झाली असता रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाचे प्रमाण मोजणारी परीक्षा. हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानात विद्युत् हृल्लेखाच्या जोडीने ती वापरतात.

ट्रोपोनिन हा तीन प्रथिनांचा समूह असून तो कॅल्शियमाच्या साहाय्याने स्नायूंच्या आकुंचनाचे नियंत्रण करतो. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६० नंतरच्या दशकात त्याचा शोध लावला. यांपैकी ‘टी’ व ‘आय’ या प्रथिनांची हृदयातील रूपे इतर स्नायूंतील रूपांहून भिन्न असल्याने विशिष्ट प्रतिपिंडांच्या योगे ती वेगळी ओळखता येतात.

इतिहास : झटक्यानंतर रक्तरसातील एसजीओटी हे एंझाइम वाढते, असे १९५४ मध्ये निदर्शनास आले. पुढे क्रिएटीन कायनेज व त्याचा एमबी प्रकार प्रचारात आले. तथापि ही एंझाइमे इतर ऊतकांतही असल्याने निदानात संदेह राही. १९८० नंतरच्या दशकात ट्रोपोनिन मापनाच्या पद्धती विकसित झाल्या आणि २००० मध्ये झटक्याच्या व्याख्येत ट्रोपोनिनाला प्रमुख स्थान मिळाले.

अतिसंवेदी चाचणी : हिच्यात प्रतिलिटर काही नॅनोग्रॅम इतके अल्प प्रमाणही मोजता येते. निरोगी व्यक्तींपैकी ९९ टक्क्यांत जे प्रमाण ओलांडले जात नाही, ती वरची मर्यादा मानतात. स्त्रियांमध्ये ती पुरुषांपेक्षा कमी असते. पूर्वीच्या चाचणीत सहा तास वा अधिक थांबावे लागे. आता एक ते तीन तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतील चढउतारावरून बहुधा निर्णय करता येतो.

मर्यादा : मूत्रपिंडाचे जीर्ण विकार, हृद्‌स्नायुशोथ, फुप्फुसातील क्लथन इत्यादींतही ट्रोपोनिन वाढते. म्हणून लक्षणे व विद्युत् हृल्लेख यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. तसेच वेदना सुरू होताच घेतलेला पहिला नमुना निर्दोष आढळला, तरी तेवढ्यावरून झटका नाही असे म्हणता येत नाही.

ग्रामीण भागात हे विशेष महत्त्वाचे आहे. पुणे–सोलापूर महामार्गावरील लोणी देवकरसारख्या (ता. इंदापूर) गावातील रुग्णाला विशेषोपचारांसाठी दूर न्यावे लागते. विद्युत् हृल्लेखात रोहिणी पूर्ण बंद झाल्याची चिन्हे असल्यास रक्तपरीक्षेच्या निष्कर्षाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात. कारण रक्तपुरवठ्यावाचून जाणाऱ्या वेळेबरोबर मृत हृद्‌स्नायूचे प्रमाण वाढत जाते. हृल्लेख संदिग्ध असेल, तेव्हा मात्र ही चाचणीच निर्णायक ठरते.