फोनवर बोलताना

समोरासमोर बोलताना निम्मे बोलणे तोंडाने होते आणि निम्मे चेहऱ्याने. फोनवर चेहरा दिसत नाही. आपण थट्टेने बोललो की रागाने, हे पलीकडच्याला आवाजावरूनच ओळखावे लागते. म्हणून फोनवर बोलण्याची रीत थोडी निराळी आहे.

मुंबईत टेलिफोन १८८२ साली आला. आपल्या घरात यायला त्याला पुढे शंभर वर्षे लागली. चाळीत एखाद्याच घरी फोन असे. शेजाऱ्याचा फोन आला की त्या घरची बाई गॅलरीत येऊन हाक मारी, आणि निरोप साऱ्या चाळीला कळे! आता बहुतेकांच्या खिशात फोन आहे. रीत मात्र त्या मानाने आलेली नाही, असे आम्हांला वाटते.

फोन आपण केला असेल तर आधी आपले नाव सांगावे. "कोण बोलतंय?" असे आपणच दरडावून विचारू नये. "मी बदलापूरची मावशी बोलते. आत्ता बोलायला सवड आहे ना?" एवढे म्हटले की पुरे. रातपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

नावाइतकाच पत्ता महत्त्वाचा. उल्हासनगरात नुसते गाव सांगून भागत नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे तिथल्या बराकींत राहिली. १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, पण पत्त्यात 'कॅम्प' राहिला. कॅम्प नंबर चार की पाच, हे सांगितले नाही तर माल भलतीकडे जातो. अंबरनाथ, बदलापुरात पूर्व की पश्चिम ते सांगावे. दुकानदार सिंधी, गिऱ्हाईक मराठी आणि टेंपोवाला तिसऱ्याच मुलखातला! तिथे 'एकोणसाठ' म्हटले तर कुणाला काय ऐकू येईल, याचा नेम नाही. 'पाच, नऊ' असे सुटे आकडे सांगावेत आणि पलीकडच्याकडून परत म्हणवून घ्यावेत.

आता कारखान्याचे पाहू. अंबरनाथ-बदलापूरकडे रसायनांचे कारखाने पुष्कळ आहेत. पेट घेणारा माल असतो तिथे मोबाइल आत नेऊ देत नाहीत. मग घरचा निरोप गेटवरच्या फोनवर येतो. "त्यांना लगेच घरी फोन करायला सांगा," एवढेच बोलून घरची बाई फोन ठेवते. गेटवरचा माणूस तेवढेच आत कळवतो. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या काळजात धस्स होते. आई पडली की काय? पोराला काही झाले का? हात यंत्रावर आणि मन घरी. अशा वेळी बोट सापडायला कितीसा वेळ लागतो? आणि निघते काय, तर सिलिंडरवाला आला आहे आणि पैसे कुठे ठेवलेत ते विचारायचे आहे!

तेव्हा निरोप पुरा सांगावा. "काळजीचं काही नाही," हे आधी सांगावे. खरोखरच काळजीचे असेल तर कोणाला काय झाले, कुठल्या इस्पितळात नेले, बरोबर कोण आहे, हे नीट सांगावे. गेटवरच्यानेही निरोप कागदावर लिहून घ्यावा. कोणाचा, कोणासाठी, किती वाजता आला, सारे लिहावे आणि एकदा वाचून दाखवावे.

लोकलमध्ये हळू बोलावे. आपल्या घरी आज काय भाजी आहे, हे विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत साऱ्या डब्याने का ऐकावे?

मात्र सौजन्य म्हणून कोणी विचारील ते सांगू नये. "बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा," असे कोणी कितीही गोड बोलून म्हणाला तरी फोन सरळ बंद करावा. तिथे रीतभात पाहायची नाही. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर ताबडतोब कळवावे.

आग लागली, अपघात झाला, तर ११२ नंबर लावावा. तिथे आधी ठिकाण सांगावे, कारण फोन मधेच तुटला तरी मदत निघू शकते. गाव, पूर्व की पश्चिम किंवा कॅम्प नंबर, जवळची खूण. मग काय झाले ते. रडू आले तरी विचारलेल्याचे उत्तर द्यावे, आणि पलीकडचा माणूस "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवू नये.